सामानापाशीं राहिलेल्यांचा वांटा



या अंकासाठीं दर वर्षीं आम्ही एक शास्त्रपाठ लिहून देतों. बहुधा तो वर्गांत शिकविलेल्या एखाद्या पाठाचाच विस्तार असतो, आणि तो वाचला जातो कीं नाहीं याची चौकशी करण्याचें धाडस आम्हीं आजवर केलेलें नाहीं. यंदां मात्र विषय वर्गाबाहेरून चालत आला. ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार, या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेस अर्धी शाळा जांभया देत उभी होती. आदल्या रात्रीं नवी मुंबई येथें भारताच्या महिला संघानें एक दिवसाच्या क्रिकेट सामन्यांचा विश्वचषक प्रथमच जिंकला होता. आणि पावसामुळें दोन तास उशिरा सुरू झालेला तो सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपल्यामुळें कोणाच्याच घरीं दिवे वेळेवर मालवले गेले नव्हते. आमच्याही नाहींत. मधल्या सुटींत आठवीच्या वर्गांतील एक मुलगा आमच्या मेजापाशीं येऊन म्हणाला, “सर, काल देव आपल्या बाजूनें होता ना?”

विचारणारा मुलगा ख्रिस्ती नव्हे. आमच्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात, आणि हा प्रश्न त्यांतील कोणासही पडण्याजोगा आहे. तथापि तो ख्रिस्ती शिक्षकास विचारण्यास त्या आठवड्यांत विशेष कारण घडलें होतें. इतक्यांत घंटा वाजली व आम्ही सुटलों. खरें सांगावयाचें तर उत्तर तयार नव्हतें. तें येथें देण्याचा यत्न करितों.

तें विशेष कारण असें. अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधीं, ३० ऑक्टोबर रोजीं, त्याच मैदानावर उपान्त्य सामना झाला. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या संघानें ३३८ धावा केल्या. एवढ्या धावांचा पाठलाग करून जिंकणें महिलांच्या एक दिवसाच्या सामन्यांत तोंवर कोणासही साधलें नव्हतें. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर खेळावयास आली, आणि नाबाद १२७ धावा करून शेवटपर्यंत उभी राहिली. आपणांस तिसऱ्या क्रमांकावर जावयाचें आहे हें तिला केवळ पांच मिनिटें आधीं कळलें होतें. त्याच स्पर्धेंतील एका सामन्यांतून तिला वगळण्यांतही आलें होतें. विजय झाल्यावर ती रडूं लागली, आणि बोलावयास उभी राहिली तेव्हां पहिले आभार तिनें येशू ख्रिस्ताचे मानले. हें आपल्या एकटीच्यानें झालें नसतें, असें ती म्हणाली. अंगांतील शक्ति संपत आली तेव्हां पवित्र शास्त्रांतील एक वचन ती आठवीत होती. तें निर्गमाच्या चौदाव्या अध्यायांतील आहे. पाठीशीं फारोचें सैन्य आणि पुढें समुद्र अशा पेंचांत सांपडलेल्या इस्राएल लोकांस मोशे धीर देतो, त्या प्रसंगींचें तें वचन होय.

आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतून त्या दिवशीं केवढा आनंद झाला, तो लपविण्याचें कारण नाहीं. रविवारीं उपासना संपल्यावर मंडळीच्या दारांत दुसरा विषय नव्हता. एका वृद्ध आजीबाईंना क्रिकेटमधील कांहींएक कळत नाहीं. त्यांनींही निर्गमाचा तो अध्याय आदल्या रात्रीं पुन्हां काढून वाचल्याचें आम्हांस सांगितलें. परंतु अशा आनंदांत एक घाई होण्याचा संभव असतो. जेमिमेनें विजयाबरोबर आणखीही कांहीं सांगितलें होतें, तें पुष्कळांनीं ऐकून सोडून दिलें. या दौऱ्यांत आपण जवळजवळ रोज रडत होतों, मनाला घोर लागून राहिला होता, आणि सोबतच्या मुलींनीं व घरच्या माणसांनीं आपणांस सांवरलें, असें ती म्हणाली. शंभर धावा पूर्ण झाल्या तेव्हां तिनें आनंद साजरा केला नव्हता, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. देवानें मला धावा दिल्या, एवढीच तिची साक्ष असती तर ती फार लहान झाली असती. दुर्बळ झालेल्या माणसास देव सोडून जात नाहीं, ही तिची साक्ष. आणि ती हरलेल्या सामन्यानंतरही तितकीच खरी ठरली असती.

कां, तें पाहा. अंतिम सामन्यांत भारताच्या २९८ धावा झाल्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट हिनें १०१ धावा केल्या. तिच्या आधींच्या उपान्त्य सामन्यांत तिनें १६९ केल्या होत्या. लागोपाठ दोन शतकें काढूनही तिचा संघ ५२ धावांनीं हरला. त्या संघांत प्रार्थना करणारी कोणी नव्हती असें कोण म्हणेल? देव आपला सूर्य दोहों पक्षांवर उगवतो असें प्रभूनें शिकविलें आहे, आणि त्या रात्रीं पाऊसही दोहों पक्षांवर सारखाच पडला होता. तेव्हां, बाळा, तुझ्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग असा निकालांत निघतो. धावफलकावरून देवाची बाजू ठरवूं नये. दुसऱ्या अर्ध्या भागासाठीं सामना संपल्यावर काय घडलें तें पाहावें लागेल.

दीप्ति शर्मा हिच्या चेंडूवर हरमनप्रीत कौर हिनें झेल घेतला आणि सामना संपला. फटाके, नाच, अश्रु, मिठ्या हें सर्व झालें. तें प्रत्येक विजयांत होतें. पण त्या नंतर जें घडलें तें आम्हीं फारसें कोठें पाहिलें नव्हतें. चषक हातीं आल्यावर मुली तो घेऊन मैदानाच्या कडेस गेल्या. तेथें मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या पूर्वींच्या खेळाडू उभ्या होत्या. मिताली ही २००५ सालीं आणि पुन्हां २०१७ सालीं अंतिम सामन्यांत भारताची कर्णधार होती, व झुलन दोन्हीं वेळां तिच्या बरोबर होती. पहिला सामना ऑस्ट्रेलियानें ९८ धावांनीं जिंकला, दुसरा लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडनें अवघ्या ९ धावांनीं. दोघींनींही चषकावांचूनच खेळ सोडला. त्या रात्रीं तो त्यांच्या हातीं देण्यांत आला व त्यांनीं तो वर उचलला. आमच्या घरांत त्या वेळीं कोणी बोलत नव्हतें.

दुसरी गोष्ट शिक्षकाची आहे, म्हणून ती आम्हांस अधिक जवळची वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. फेब्रुवारी १९८८ मध्यें मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यांत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनीं अभंग राहून ६६४ धावांची भागी रचली. ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या मागून खेळावयास जाणारा एक मुलगा पायांस पॅड बांधून सारा वेळ बसून होता, आणि त्याची पाळी आलीच नाहीं. तो मुलगा अमोल मुझुमदार. पुढें त्यानें प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११,१६७ धावा केल्या; परंतु भारताच्या संघांत त्यास एकदांही घेतलें गेलें नाहीं. म्हणजे पॅड बांधून बसणें त्याच्या वांट्यास जन्मभर आलें असें म्हणावयास हरकत नाहीं. तोच आतां या मुलींचा मुख्य प्रशिक्षक. आणि जिंकल्यावर कर्णधार हरमनप्रीत हिनें वांकून त्याच्या पायांस हात लावला.

तिसरी गोष्ट प्रतिका रावल हिची. या स्पर्धेंत तिनें ३०८ धावा केल्या होत्या, त्यांत न्यूझीलंडविरुद्धचें एक शतक होतें. पुढच्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना तिचा पाय दुखावला व तिचें नांव संघांतून काढून शफाली वर्मा हिचें घालण्यांत आलें. शफालीनें अंतिम सामन्यांत ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले, आणि सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली. प्रतिका चाकांच्या खुर्चींत बसून मैदानावर आली. तिच्या खांद्यांवर तिरंगा होता. नियमाप्रमाणें पदकें संघांतील पंधरा जणींनाच असल्यामुळें तिच्यासाठीं त्या वेळीं पदक नव्हतें. पुढें तिलाही तें मिळण्याची व्यवस्था झाली. पण पदकाची वाट न पाहतां मुलींनीं तिला आपल्या घोळक्यांत ओढून घेतलें, आणि ती खुर्ची सोडून एका पायावर नाचली.

तें चित्र दूरदर्शनवर पुनःपुन्हां दाखवीत होते. घरांतील मंडळी टाळ्या वाजवीत होतीं. आम्हांस मात्र तें पाहवेना. कां, तें सांगितलें पाहिजे, आणि तें या अंकांतच सांगणें योग्य, कारण ती चूक या अंकासाठींच घडली.

सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या मुलींच्या खोखो संघानें तालुक्याची ढाल जिंकली, हें आपण जाणतांच. उपान्त्य सामन्यांत खांबाला वळसा घालतांना आमच्या एका मुलीचा पाय वळून घोट्याचें हाड मोडलें. ती दहावींत आहे. संघांत तिच्यासारखी पाठलाग करणारी दुसरी नाहीं. अंतिम सामन्यांत तिच्या जागीं नववींतील एक मुलगी खेळली व चांगली खेळली. पुढच्या आठवड्यांत अंकासाठीं छायाचित्र काढावयाचें ठरलें. छायाचित्रकार उशिरा आला. ऊन उतरत चाललें होतें. कार्यालयांतून खुर्च्या नऊच मिळाल्या. आम्हीं घाईघाईनें सांगितलें, कीं अंतिम सामन्यांत खेळलेल्या नऊ जणींनीं बसावें, बाकीच्यांनीं बाजूस व्हावें. राखीव मुली चटकन बाजूस झाल्या. ही मुलगी कुबडी सांवरीत सर्वांच्या शेवटीं झाली, व व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. छायाचित्र नीटनेटकें यावें म्हणून नऊ जणींनीं आपलीं दप्तरें, पाण्याच्या बाटल्या व चपला तिच्यापाशीं नेऊन ठेवल्या. सारें आटोपल्यावर आम्ही तिच्याजवळून जातांना म्हणालों, “शाबास बाळ, सामान चांगलें सांभाळलेंस हो.” आणि एका मुलीस चार चांगले शब्द बोलल्याच्या समाधानांत घरीं गेलों.

सामान हा शब्द आमच्याच तोंडचा. तो उच्चारतांना आमच्या जिभेस कांहीं आठवावयास हवें होतें, पण आठवलें नाहीं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसावा अध्याय आम्ही दर वर्षीं आठवीच्या वर्गास शिकवितों. ती मुलगी दोन वर्षांपूर्वीं त्याच वर्गांत होती, आणि परीक्षेंत बसोर ओहोळाचें नांव तिनें बरोबर लिहिलें होतें.

तो अध्याय ज्यांच्या स्मरणांत नसेल त्यांच्यासाठीं कथा सांगतों. दावीद अद्याप राजा झाला नव्हता. सहाशें माणसांनिशीं तो रानोमाळ फिरत असे, व सिकलाग नांवाच्या गांवीं त्यांचीं बायकामुलें राहत असत. एकदां ते मोहिमेवरून परत आले तों गांव जळून राख झालेलें. अमालेकी लोकांनीं धाड घालून बायकामुलें पकडून नेलीं होतीं. ती माणसें रडण्याचें त्राण उरेपर्यंत रडलीं, आणि मग दुःखाच्या भरांत दावीदालाच दगडमार करण्याच्या गोष्टी बोलूं लागलीं. दावीदानें देवाच्या ठायीं धीर धरून पाठलाग सुरू केला. बसोर ओहोळापाशीं येईपर्यंत दोनशें माणसें इतकीं थकलीं, कीं त्यांच्यानें ओहोळ ओलांडवेना. तीं सामानापाशीं राहिलीं. चारशें पुढें गेलीं. वाटेंत त्यांना एक मिसरी गुलाम भेटला. आजारी पडला म्हणून त्याच्या अमालेकी धन्यानें त्यास तीन दिवसांपूर्वीं टाकून दिलें होतें. त्यास अन्नपाणी देऊन दावीदानें जीव आणला, आणि त्यानेंच शत्रूच्या तळाची वाट दाखविली. जातां जातां आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें टिपून ठेवावें, कीं एकानें निरुपयोगी म्हणून टाकलेला मनुष्य दुसऱ्याच्या विजयाचें कारण झाला. असो. दावीदानें सर्व कांहीं सोडवून आणलें. एकही मूल हरवलें नाहीं.

खरी कसोटी पुढें लागली. चारशें विजयी वीर ओहोळापाशीं परत आले तेव्हां त्यांच्यांतील कांहीं दुष्ट म्हणाले, कीं जे आमच्याबरोबर आले नाहींत त्यांना लुटींतील कांहीं मिळावयाचें नाहीं. आपापलीं बायकामुलें घेऊन त्यांनीं चालूं लागावें. हें बोलणें आज वाचतांना आपणांस राग येतो. पण क्षणभर थांबून विचार करा. त्यांच्या म्हणण्यांत अन्याय कोठें आहे? जो लढला त्यानें घ्यावें, जो बसला त्यानें पाहावें, याच हिशेबानें जग चालतें. आमच्या नऊ खुर्च्याही त्याच हिशेबानें मांडल्या गेल्या होत्या.

दावीदानें त्यांना जें उत्तर दिलें त्यांतील युक्तिवाद लक्ष देऊन पाहावा. थकलेल्यांची दया करा, असें तो म्हणत नाहीं. त्यांनींही सामान राखून काम केलें आहे, असा मोबदल्याचा मुद्दाही तो काढीत नाहीं. हें सर्व आपणांस परमेश्वरानें दिलें आहे, एवढेंच तो म्हणतो, आणि त्यावरून निवाडा करितो, कीं लढाईस जाणाऱ्याचा व सामानापाशीं राहणाऱ्याचा वांटा सारखाच. तो निवाडा पुढें इस्राएलांत नियम होऊन बसला. विजय ही कमाई समजली तर तिच्यांत दुसऱ्यास वांटा देणें हा उपकार होतो, आणि उपकार करणाराची मूठ नेहमी अर्धी मिटलेली असते. विजय हें दान समजलें, म्हणजे तें एकट्यानें ठेवून घेण्याचा अधिकारच उरत नाहीं.

आतां ख्रिस्ती विश्वासाकडे वळूं. ज्यांचा तो विश्वास नाहीं त्या आमच्या वाचकांवर तो लादण्याचा आमचा हेतु नाहीं. पण प्रश्न आम्हांस विचारला गेला असल्यानें आमच्या अंतःकरणांतील उत्तर न सांगणें हा मित्रद्रोह होईल. सामना संपला त्या रात्रीं घराघरांतून, गादीवर पाय पसरून बसलेले लोक “आम्ही जिंकलों, आम्ही जिंकलों” म्हणून ओरडले. त्यांनीं बॅट धरली नव्हती, एकही चेंडू अडविला नव्हता. कित्येकांनीं तर मधले दोन तास झोप काढली होती. तरी त्यांना कोणी हंसलें नाहीं. इतरांनीं मिळविलेला विजय आपला म्हणण्याची ही रीत मनुष्याच्या रक्तांतच आहे असें दिसतें. ख्रिस्ती मनुष्य प्रभूच्या विजयाविषयीं नेमकें हेंच बोलत असतो. गेथशेमाने बागेंत प्रभु येशू एकटा झुंजत होता तेव्हां त्याचे तिघे जिवलग शिष्य झोपले होते. त्यास धरलें तेव्हां सर्व पळाले. पेत्रानें तर ओळखही नाकारली. वधस्तंभावरची लढाई तो एकटा लढला. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं हे पळपुटे दारें लावून भीतीनें एका खोलींत बसले होते, आणि विजय मिळवून आलेला प्रभु कोठें गेला? त्याच खोलींत. तुम्ही कोठें होतां, असें त्यानें विचारलें नाहीं. त्यानें शांतीचें अभिवादन केलें, आणि आपले जखमी हात व कूस त्यांना दाखविली. दावीदानेंही ओहोळापाशीं परत आल्यावर त्या दोनशें माणसांचें प्रथम कुशल विचारलें होतें, असें त्या अध्यायांत लिहिलें आहे. प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत मरणावरच्या विजयाविषयीं लिहितो, तेव्हां देव तो विजय आपणांस देतो असें क्रियापद योजितो. मिळविणारा एक, आणि तो ज्यांस मिळाला ते सर्व सामानापाशीं राहिलेले.

सर्व विजयोत्सव असे नसतात, हें आम्ही जाणतों. पौलाच्या काळीं रोमी सेनापति जिंकून आला म्हणजे रथांत बसून नगरांत मिरवत असे, व हरलेल्यांना बेड्या घालून त्या मिरवणुकींत चालवीत असत. आपल्याच देशांत, ४ जून २०२५ रोजीं, अठरा वर्षांनीं मिळालेल्या विजयाचा सोहळा बंगळूर येथें चालूं असतां मैदानाच्या दारांशीं चेंगराचेंगरी होऊन ११ माणसें मरण पावलीं. तींही “आम्ही जिंकलों” असेंच म्हणत घरून निघालीं असतील. त्यांच्या आईबापांची आठवण झाली म्हणजे उत्सवावर लिहितांना हात जड होतो.

पालकांस एक शब्द. विजय मैदानावरच होतात असें नाहीं. जून महिन्यांत निकालानंतर पेढे घेऊन आपण आमच्या खोलींत येतां, व आम्ही ते आनंदानें खातों. अशाच एका पेढ्यांच्या वेळीं आम्हीं मुलाच्या वडिलांस सहज विचारलें, कीं याची थोरली बहीण आतां कोणत्या वर्गांत आहे? ते जरा थांबून म्हणाले, तिला धाकट्यांकडे पाहण्यासाठीं दोन वर्षांपूर्वीं घरीं ठेवली. त्या दिवशीं तो पेढा आमच्या घशाखालीं उतरेना. त्या मुलाच्या यशांत त्या मुलीचा वांटा किती, याचा हिशेब कोणत्या गुणपत्रिकेंत लिहिलेला असतो? ती मुलगी यंदां जूनपासून पुन्हां शाळेंत येऊं लागली आहे, हें लिहितांना मात्र आम्हांस संतोष होतो. येथें कोणाचें नांव आम्ही लिहीत नाहीं; ज्यांना कळावयाचें त्यांना कळेल.

मुगुटाविषयीं दोन शब्द लिहून पुरें करितों. पौल करिंथ येथें राहिला होता. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत, आणि जिंकणारास पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या अजमोद्याच्या पाल्याचा मुगुट मिळे. म्हणून त्याच पत्राच्या नवव्या अध्यायांत तो नाश पावणाऱ्या मुगुटाचें उदाहरण देतो. आम्हांस तें उदाहरण समजावून सांगण्यास फार दूर जावें लागत नाहीं. आमच्या ढालीस घातलेला झेंडूचा हार शिक्षकांच्या खोलींत खिळ्यास अजून लोंबत आहे, व झाडणाऱ्या मावशी रोज सकाळीं त्याच्या पाकळ्या वेंचतात.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं संघास पुन्हां बोलावलें. छायाचित्रकारास दुसऱ्यांदा पैसे कां, असें कार्यालयानें विचारलें. ते आम्हीं आपल्या पदरचे दिले, व तेंच योग्य होतें. खुर्च्यांच्या ऐवजीं भोजनगृहांतील दोन लांब बांकें आणविलीं. राखीव मुलीही आल्या. त्या मुलीस आम्हीं सर्वांसमक्ष म्हटलें, “बाळ, त्या दिवशीं आमचें चुकलें.” ती संकोचून म्हणाली, “पण सर, मी फायनल खेळलेंच नाहीं.” तिच्या जागीं खेळलेली नववींतील मुलगी शेजारींच उभी होती. ती म्हणाली, “ताई, मला फायनलला जातां आलें तें तूं सेमीफायनल जिंकून दिलीस म्हणून. बस ना.” यापुढें आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. आठवीच्या त्या मुलासही एवढेंच सांगावयाचें आहे, कीं देव कोणत्या बाजूनें असतो हें पाहावयाचें असेल तर अशा ठिकाणीं पाहावें.

या अंकांत छापलेलें छायाचित्र हें दुसरें आहे. पुढच्या बांकावर उजवीकडून तिसरी बसली आहे ती तीच मुलगी, व ढाल तिच्या हातांत आहे. ढाल जड असून धरावयास दोन्हीं हात लागतात, म्हणून तिची कुबडी शेजारच्या नववींतील मुलीनें धरली आहे.